खिशातला चाकू घेताना काय बघाल? कलम, कोयती आणि गोठ्याच्या कामासाठी उपयोगी माहिती

रत्नागिरी : पावसाळा तोंडावर आला की बाजारात कोयत्या, विळे, पारई, कुदळी यांची खरेदी सुरू होते. त्याच दुकानात पुढे काचेच्या पेटीत घडीचे चाकू मांडलेले असतात. चकचकीत दिसतात, किंमतही परवडणारी असते, म्हणून बरेच जण जाता जाता एक खिशात टाकतात. मग जून-जुलैत कोय कलमे बांधायला बसले की कळते, चाकू काडी कापत नाही, चेचतो. तोपर्यंत पन्नास-शंभर रोपे फुकट गेलेली असतात.

कोयती आपल्याकडे पारखून घेतली जाते, पण चाकू तसा घेतला जात नाही. जिल्ह्यातल्या बागायतदारांना आणि गुरे सांभाळणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून खिशातला चाकू कसा निवडावा, कोणत्या कामाला कोणते पाते लागते, धार कशी राखावी, याची माहिती एकत्र देत आहोत.

तीन पात्यांचा चाकू म्हणजे काय?

अमेरिकेत गुरे राखणाऱ्यांसाठी एक घडीचा चाकू प्रसिद्ध आहे. त्याला ‘स्टॉकमन’ म्हणतात, म्हणजे गुरेवाल्याचा चाकू. मिटल्यावर तो साधारण साडेतीन ते चार इंच लांब, आणि त्यात तीन पाती असतात. पहिले पाते टोकदार, ते रोजच्या कामाला. दुसऱ्याची धार सरळ आणि टोक बोथट, मेंढीच्या खुरासारखे. दोर, चामडे, पट्टी सरळ कापायला ते बरे, आणि टोक नसल्यामुळे जनावराला लागत नाही. तिसरे पाते रुंद आणि गोल टोकाचे, ते पूर्वी जनावरांच्या खच्चीकरणासाठी असे.

हा चाकू ऑनलाइन आता इथेही मिळतो आणि गावातल्या तरुणांना त्याचे आकर्षण आहे. तो घ्यावा की नाही हा पुढचा भाग. पण त्यातला विचार घेण्यासारखा आहे : एक धार सगळ्या कामांना चालत नाही. ज्या पात्याने सुतळी, बांबू, गोणी कापली त्याच पात्याने कलम करायचे नाही, एवढी गोष्ट पाळली तरी निम्मे नुकसान टळते.

आपल्याकडे हीच तीन कामे वेगवेगळ्या हत्यारांत वाटलेली आहेत. जाड काम कोयतीचे, ती कमरेच्या आकडीत. भात-गवत विळ्याचे. आणि बारीक, नेटके काम चाकूचे. म्हणजे ज्याच्या कमरेला चांगली कोयती आहे त्याला तीन पात्यांच्या चाकूची गरज फारशी नाही. त्याला एकच पाते हवे, पण ते नीट हवे.

हापूसचे झाड चाकूच्या कापापासून सुरू होते

हापूसची कोय लावली तर येणारे झाड हापूस असेलच असे नाही. बहुतेक वेळा फळ वेगळेच निघते. म्हणून हा वाण कलमावरच टिकून आहे. ‘हापूस’ हे नाव अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीजाच्या नावावरून आल्याचे सांगतात, आणि आंब्याची कलमे करण्याचे तंत्र या किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या काळात वाढले. आज जिल्ह्यात उभे असलेले प्रत्येक हापूस कलम कोणीतरी हातात पाते धरून केलेले आहे.

पूर्वी भेट कलमे जास्त होती. आता आंब्यासाठी कोय कलम आणि काजूसाठी मृदुकाष्ठ कलम सर्रास केले जाते. कोय कलमात कोय रुजून आलेले दहा-पंधरा दिवसांचे, तांबूस पानांचे रोप घेतात. त्याचा शेंडा उडवून खोडाच्या मधोमध चार-पाच सेंटिमीटर खोल चीर देतात. त्याच जाडीची तीन-चार महिन्यांची हापूसची काडी घेऊन खालचे टोक दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे तासतात, चिरेत बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. काडीवरची पाने आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून काढलेली असतात.

यात चाकूचे काम मिनिटाभराचे, पण सगळे त्यावर अवलंबून असते. साल आणि लाकूड यांच्यामध्ये जो पातळ जिवंत थर असतो, तो काडीचा आणि रोपाचा एकमेकांना टेकला तरच सांधा जुळतो. पाचर एका सपाट कापात निघाली तर दोन्ही बाजू चिकटून बसतात. धार बोथट असेल तर काप लाटेसारखा येतो, मधे पोकळी राहते, पोकळीत पाणी जाते, बुरशी येते. साल चेचली गेली तरी तेच.

काही कलमे लगेच मरतात, ती निदान दिसतात. अवघड असतात ती अर्धवट जुळलेली. ती जगतात, बागेत लागतात, पाच-सहा वर्षांनी धरायला लागतात आणि एखाद्या वादळात सांध्यावरच मोडतात. दहा बाय दहा मीटरवर लावले तर हेक्टरी शंभर कलमे बसतात. त्यातले एक जरी असे गेले तर जागा आणि वर्षे दोन्ही गेली. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली, मंडणगड भागातल्या बागा झोपल्या आणि अनेकांना पहिल्यापासून लागवड करावी लागली. वादळापुढे भलीभली झाडे टिकत नाहीत हे खरे, पण सांधा कच्चा ठेवणे आपल्या हातात असते, तेवढे तरी टाळता येते.

कलमाचा चाकू कसा ओळखावा?

*एका बाजूची धार.* कलमाच्या चाकूचे पाते एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने उतरते घासलेले असते. सपाट बाजू काडीला टेकते, म्हणून काप सरळ येतो. स्वयंपाकघरातल्या चाकूला दोन्ही बाजूंनी उतार असतो, तो काडीत शिरताना वळतो. दुकानात पाते उजेडाकडे धरून दोन्ही बाजू बघा.

*उजवा की डावा.* एका बाजूची धार असल्यामुळे उजव्या हाताचा चाकू डावखुऱ्याला चालत नाही. डावखुऱ्या माणसाने तो हातात धरून, काडी तासल्यासारखी कृती करून बघावी. सपाट बाजू काडीकडे येत नसेल तर घेऊ नये.

*सरळ पाते.* कलमासाठी धार टोकापर्यंत सरळ असलेली बरी. वाकड्या चोचीचा चाकू छाटणीचा, तो वेगळा. डोळा भरण्याच्या चाकूला साल उचलायला मागे हाडाची किंवा पितळेची पट्टी असते. गुलाब, लिंबूवर्गीय झाडांना ती लागते, आंब्याच्या कोय कलमाला नाही.

*लांबी.* पाते अडीच-तीन इंच पुरे. जास्त लांब पाते बारीक रोपावर आवरत नाही.

परदेशी कंपन्यांपैकी स्वित्झर्लंडची व्हिक्टोरिनॉक्स आणि जर्मनीची टीना यांचे कलमाचे चाकू जगभर वापरले जातात. ते महाग आहेत. रोपवाटिका चालवणाऱ्याला ते परवडतात, कारण तो हंगामात हजारो काप घेतो. घरच्या पन्नास-शंभर कलमांसाठी साधा देशी कलम चाकूही चालतो, फक्त घेतल्यावर त्याला दगडावर धार लावावी लागते. नवीन चाकूची कारखान्यातली धार कलमाच्या कामाची असेलच असे नाही. कोवळ्या रोपासाठी काही जण दाढीचे ब्लेड वापरतात. काप चांगला येतो, पण काडी जून असेल तर ब्लेड वाकते आणि बोट कापते.

पोलाद कोणते : गंजणारे की न गंजणारे?

साध्या कार्बन पोलादाला धार चटकन लागते आणि बारीक लागते. पण ते गंजते. स्टेनलेस पाते गंजाला दाद देत नाही, मात्र हलक्या प्रतीचे असेल तर धार धरत नाही.

आपल्या जिल्ह्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो, आणि किनाऱ्यालगत हवेत खारटपणा असतो. त्यामुळे गुहागर, दापोली, रत्नागिरी, राजापूरच्या किनारपट्टीच्या गावांत रोज खिशात वागवायला चांगल्या प्रतीचे स्टेनलेस बरे. ज्याला काम झाल्यावर पाते पुसून तेल लावायची सवय आहे, त्याने कार्बन पोलाद घ्यावे, त्याला समाधान जास्त मिळेल.

दोन गैरसमज आहेत. एक, लोहचुंबक चिकटला म्हणजे पाते कार्बन पोलादाचे, असे दुकानात सांगतात. चाकूच्या स्टेनलेसलाही लोहचुंबक चिकटतो, त्यामुळे ही परीक्षा खोटी. दुसरे, कार्बन पाते कोकम, कैरी, काजूबोंड कापल्यावर काळे पडते, म्हणजे खराब झाले असे समजतात. फळातल्या आम्लाने आणि तुरट द्रव्याने येणारा तो काळपटपणा गंज नव्हे. लाल, खरखरीत दिसला तर मात्र गंज.

दुकानात करून बघायच्या गोष्टी

1. चाकू उघडून पाते डावी-उजवीकडे हलवा. बिजागरीत हलत असेल तर ठेवून द्या. नवीन असताना हलतो तो वापराने आणखी सैल होतो.

2. मिटताना पाते दोन पट्ट्यांच्या मधोमध जाते का बघा. एका बाजूला घासत असेल तर धार तिथेच मरते.

3. साध्या घडीच्या चाकूला मागे फक्त पट्टीचा दाब असतो, अडकण नसते. स्टॉकमनही असाच. अशा चाकूने टोचून जोर लावला तर पाते बोटांवर मिटते. दाबाचे काम करणाऱ्याने अडकणीचा चाकू घ्यावा, आणि अडकण पक्की बसते का ते पाते उलटे दाबून बघावे.

4. ओल्या हाताने उघडता आला पाहिजे. पात्यावर नखाची खाच खोल हवी.

5. मूठ ओल्या हातात घसरता कामा नये. गुळगुळीत प्लास्टिक आणि पॉलिश केलेले लाकूड पावसात सारखेच घसरते.

6. बटण दाबल्यावर झटकन उघडणारा चाकू घेऊ नये. शेतात त्याचा उपयोग नाही, आणि खिशात उघडण्याची भीती.

7. धार बघताना अंगठा धारेवरून लांबीने फिरवू नका, आडवा हलकेच टेकवा. त्याहून बरे म्हणजे कागदाचा तुकडा कापून बघा.

कोयती घेताना

चाकू कितीही चांगला असला तरी वाडीत कोयतीवाचून चालत नाही. लोहाराकडच्या बऱ्याच कोयत्या ट्रकच्या जुन्या कमानपाट्याच्या असतात. ते पोलाद मुळातच चिवट असते. फरक पडतो तो पाणी कसे दिले यात. पाणी कमी बसले तर धार मऊ राहते, जून लाकडावर वळते. पाणी जास्त झाले तर धारेचे टवके उडतात. धारेवर बारीक कानस हलके फिरवून बघावी. कानस लोण्यात शिरल्यासारखी चावली तर धार मऊ, अगदीच घसरली तर जास्त कडक. थोडी चावली पाहिजे.

धारेजवळ निळसर, जांभळट पट्टा दिसला तर ती कोयती ग्राइंडरवर तापवून घासलेली आहे. त्या जागचे पाणी उतरलेले असते. घरी ग्राइंडर वापरणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. पाते हाताला चटका बसेल इतके तापू देऊ नये, दर वेळी पाण्यात बुडवावे.

मुठीत गेलेला लोखंडी भाग शेवटपर्यंत गेलेला आणि ठोकून पक्का केलेला हवा. मूठ सुटून पाते उडाल्याने होणाऱ्या जखमा वाईट असतात. वजन ज्याच्या हातात जायची आहे त्याच्या मनगटाप्रमाणे घ्यावे. घरातल्या बायकांसाठी पुरुषांची जड कोयती आणून देणे ही सगळीकडे दिसणारी चूक आहे. सरपण, झावळ्या, पातेरा यांचे रोजचे काम बहुधा त्याच करतात, तेव्हा त्यांना बरोबर नेऊन हातात तोलून घेऊ द्यावी.

गोठ्यात चाकूचे काम किती?

गुरेवाल्याच्या खिशात चाकू हवा तो मुख्यतः दाव्यासाठी. जनावर दाव्यात अडकून पडले, गळ्याला फास बसला तर गाठ सोडायला वेळ नसतो. तिथे बोथट टोकाचे सरळ पाते उत्तम, कारण धडपडणाऱ्या जनावराला टोक लागत नाही. पाते दोर आणि कातडी यांच्यामध्ये सरकवून धार बाहेरच्या बाजूला ठेवावी आणि बाहेर ओढावे. नायलॉनची दोरी बोथट पात्याने तुटत नाही, हे वेळ येण्याआधी एकदा करून बघावे.

खच्चीकरण, गळू फोडणे, खूर खोल कापणे ही कामे चाकूने घरी करू नयेत. पाडसाचे खच्चीकरण पशुवैद्यकीय दवाखान्यात चिमट्याने, रक्त न काढता होते, आणि ते डॉक्टरांनीच करायचे असते.

सर्पदंशात चाकू खिशातच ठेवा

आपल्या कातळावर, गवतात फुरसे फार. चाकू जवळ असला की दंशाची जागा चिरून रक्त काढायचा मोह होतो. असे अजिबात करू नये. चिरल्याने विष निघत नाही. उलट फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, त्यामुळे चिरलेली जखम वाहतच राहते. दोरीने आवळून बांधणेही धोक्याचे. माणसाला धीर द्यावा, हात-पाय हलू देऊ नये, 108 ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. चाकूचा उपयोग फार तर घट्ट कपडा किंवा करगोटा कापायला.

साध्या कापलेल्या जखमेवरही माती, हळद, तंबाखू दाबू नये. स्वच्छ पाण्याने धुऊन, स्वच्छ कापड दाबून धरावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आहे का ते बघावे.

धार, स्वच्छता आणि तेल

धार लावायचा दगड, म्हणजे निसणा, दोन बाजूंचा असावा : एक जाडी, एक बारीक. दगड ओला करावा. कलमाच्या चाकूची फक्त उतरती बाजू घासायची. सपाट बाजू शेवटी एक-दोनदा पूर्ण टेकवून फिरवायची, म्हणजे मागे वळलेली बारीक कड निघून जाते. सपाट बाजूला उतार पाडला की तो चाकू कलमाच्या कामाचा राहत नाही. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर उलटा ओढावा.

कलमे करताना पाते अधूनमधून स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे. रोगट झाडावर काम केल्यावर तर नक्कीच, नाहीतर एका झाडाचा रोग आपणच दुसऱ्याला नेऊन देतो. फणस कापण्यापूर्वी पात्याला आणि हाताला खोबरेल तेल लावले की चीक चिकटत नाही. काम संपल्यावर पुसून, बिजागरीत तेलाचा थेंब टाकून चाकू ठेवावा. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ओला चाकू ठेवला तर आठवड्यात गंज धरतो.

जुन्या लोखंडी चाकूचा आणखी एक उपयोग आहे. सुपारी, आंब्यासाठी बोर्डो मिश्रण केले की त्यात लोखंडी पाते थोडा वेळ बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, अजून चुन्याची निवळी घालायची. तशीच फवारणी केली तर पाने करपतात. ही परीक्षा स्टेनलेस पात्याने करू नये, साधे लोखंडच लागते. परीक्षा झाल्यावर पाते लगेच धुवावे.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र कायद्याखालच्या नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारे येतात, मात्र घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. म्हणून कोयती, विळा, कलमाचा चाकू ठेवायला परवाना लागत नाही. तरीही सण, निवडणूक, मोर्चे या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात आणि त्यात सुऱ्याही येतात. त्या दिवसांत बाजारात, सभेत, जत्रेत चाकू खिशात घेऊन जाऊ नये. एसटीने कोयती नेताना पाते गोणपाटात गुंडाळून बांधावे. विमानाने जाणाऱ्याने चाकू हातातल्या बॅगेत ठेवू नये, तो तिथे काढून घेतात.

थोडक्यात

- कमरेला चांगली कोयती असेल तर खिशात एकच पाते पुरे.
- कलमाचा चाकू वेगळा ठेवा. त्याने सुतळीसुद्धा कापू नका. घरात सगळ्यांना तसे सांगून ठेवा.
- गुरे असतील तर बोथट टोकाचे सरळ पाते घ्या.
- किनाऱ्यावर स्टेनलेस, निगा राखणाऱ्याला कार्बन पोलाद.
- चाकूपेक्षा आधी दगड घ्या. ज्याला धार लावता येते त्याचा साधा चाकूही चालतो, ज्याला येत नाही त्याचा महागडा चाकूही महिनाभरच चालतो.

कलमाचा हंगाम जून ते ऑगस्ट. त्याआधीच चाकू घेऊन, धार लावून, आंब्याच्या कुठल्याही काडीवर वीस-पंचवीस पाचरी तासून बघाव्यात. पाचर उजेडाकडे धरली की काप सपाट आहे की लाटेचा ते दिसते. सपाट येऊ लागला की मगच हापूसच्या काडीला हात लावावा.